तलकाड कोणत्या विषयात घालायचे?

तलकाडवरचे साहित्य आमच्या भांडारात होते, पण शोधणाऱ्याला ते सापडत नव्हते. मी म्हैसूरमधल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करते. संस्थेत तयार झालेले प्रबंध, उत्खननांवरचे लेख, शिलालेखांच्या ठशांची छायाचित्रे, जुन्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती हे सगळे एका डिजिटल भांडारात ठेवले जाते. बोलताना आम्ही त्याला रिपॉझिटरीच म्हणतो. त्याच्या नोंदी तपासणे हे माझे काम. मी निपाणीची. घरात मराठी, बाजारात आणि शाळेत कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषांतल्या नोंदी माझ्याच टेबलावर येतात.

कोल्हापूरकडच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा मेल आला, तिथून हे प्रकरण सुरू झाले. ती श्रवणबेळगोळच्या मराठी शिलालेखांवर काम करत होती. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या त्या ओळींबद्दल मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ऐकलेले असते. मूर्ती चामुंडरायाने करवली असे एक ओळ सांगते, भोवतालचे बांधकाम गंगराजाने करवले असे दुसरी. चामुंडराय हा पश्चिम गंग राजा राचमल्ल याचा मंत्री, आणि गंगांची राजधानी तलकाड. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. 1116 च्या सुमारास त्याने चोळांच्या ताब्यातले तलकाड जिंकले, आणि त्या विजयाचे स्मारक म्हणून विष्णुवर्धनाने तिथे कीर्तिनारायणाचे देऊळ उभारले. म्हणजे मराठीतल्या या इतक्या जुन्या ओळींमागची दोन्ही माणसे कावेरीकाठच्या या एका गावाशी जोडलेली आहेत. तिला गंगराजाच्या तलकाड मोहिमेवर काय लिहिले गेले आहे ते हवे होते. तिने आमच्या भांडारात 'गंगराज' टाकले, काही आले नाही. 'गंग' टाकले, तर गंगा नदी आली, गंगाधर नावाचे लेखक आले आणि कलिंगच्या पूर्व गंगांवरचा एक प्रबंध आला. तिने अगदी साधेपणाने विचारले होते, तुमच्याकडे तलकाडवर काहीच नाही का?

भरपूर होते. होयसळांच्या लष्करी मोहिमांवरचा एक जाडजूड प्रबंध होता आणि त्यात तलकाडवर स्वतंत्र प्रकरण होते. पण लेखकाने कीवर्डच्या रकान्यात 'मध्ययुगीन कर्नाटक' आणि 'इतिहास' एवढेच भरले होते. 1992-93 मध्ये तलकाडला जे उत्खनन झाले त्यावरचे लेख होते. ठशांच्या छायाचित्रांचा एक मोठा गठ्ठा होता, आणि त्यातल्या प्रत्येक छायाचित्राच्या विषयाच्या जागी एकच शब्द होता, 'शिलालेख'. गावाचे नाव रोमन लिपीत कुठे शेवटी यू लावून, कुठे यू गाळून, कुठे मधला एकही ए न ठेवता लिहिलेले होते. देवनागरीत तलकाड, तळकाड, तलकाडु. संस्कृत ताम्रपटांवरच्या लेखनात तेच गाव तलवनपूर, आणि चोळकाळातल्या लेखांत राजराजपूर. हे सगळे एकच ठिकाण आहे हे आमच्या यंत्राला कुणी सांगितलेच नव्हते.

याचे कारण शोधायला फार खोल जावे लागले नाही. आम्ही डीस्पेस वापरतो. 2002 मध्ये एमआयटीच्या ग्रंथालयाने एचपीच्या प्रयोगशाळेबरोबर तयार केलेले हे सॉफ्टवेअर आज भारतातल्या बऱ्याच संस्थांत आहे. भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचे भांडार असलेली शोधगंगासुद्धा त्यावरच उभी आहे. फाइल जमा करताना त्यात विषयाचा रकाना येतो तो मोकळा असतो, वाटेल ते लिहावे. पदवीच्या गडबडीत असलेला विद्यार्थी तिथे प्रबंधाच्या शीर्षकातलेच शब्द पुन्हा टाकतो आणि पुढे जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्याकडे कॉपीराइटचे धोरण होते, फाइल किती काळ बंद ठेवायची याचे धोरण होते, कोण काय जमा करू शकतो याचेही होते. विषय कोणी, कशातून आणि किती खोलवर द्यायचा याबद्दल एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती. 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, तेव्हापासून सगळीकडे फाइली वेगाने जमा होऊ लागल्या आणि किती जमा झाल्या हे मोजले जाऊ लागले. त्या सापडतात का, हे मोजण्याचा तक्ता मी कुठल्याच वार्षिक अहवालात पाहिलेला नाही.

धोरणासाठी बैठका झाल्या. त्यातला सगळ्यात जोरदार आक्षेप एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा होता. आता मजकुरातला प्रत्येक शब्द शोधता येतो, मग विषयशीर्षके हवीत कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप खोटा वाटत नव्हता. इंग्रजीत टाइप केलेल्या अलीकडच्या प्रबंधांपुरता तो बराचसा खराच आहे. म्हणून मी वाद न घालता पडद्यावर एका ठशाचे छायाचित्र लावले. काळ्या शाईवर पांढरी उमटलेली अक्षरे, काही ग्रंथ लिपीत, कडा झिजलेल्या. या फाइलमध्ये यंत्राला वाचता येईल असे एकही अक्षर नाही. नोंदीत माणसाने जे शब्द लिहिले असतील तेवढीच इथपर्यंत येण्याची वाट. जुन्या कन्नड छपाईची पुस्तके स्कॅन केली तर अक्षरओळख इतकी अडखळते की त्या मजकुरावर विसंबता येत नाही. ध्वनिफितींचे तर विचारूच नका. आणि मजकूर स्वच्छ असला तरी ज्या लेखात फक्त 'राजराजपूर' आले आहे तो 'तलकाड' शोधणाऱ्यापर्यंत कसा पोहोचेल? सरांनी तो ठसा बराच वेळ पाहिला. पुढच्या बैठकीला ते स्वतः वंशनावांच्या वेगवेगळ्या रूपांची हाताने लिहिलेली यादी घेऊन आले. आमच्या नामसूचीचा पहिला खर्डा तोच.

त्या नामसूचीवर मी फार जीव लावला आहे. तिच्यात प्रत्येक गावाला, राजवंशाला, व्यक्तीला एक मान्य रूप आहे, पण मान्य रूप म्हणजे बाकीची रूपे चुकीची असा अर्थ आम्ही मुद्दाम ठेवला नाही. होयसळ, होय्सळ, होयसल यांपैकी कोणतेही टाका, त्याच नोंदींवर पोहोचाल. गंग या नावाला कंसात पश्चिम आणि पूर्व असे जोडले, गंगराजाला सेनापती, होयसळ अशी ओळख दिली, आणि गंगा नदी वेगळी काढली. गङ्ग असे ङ घालून लिहिलेले आणि गंग असे अनुस्वाराने लिहिलेले हे संगणकाला दोन निराळे शब्द वाटतात. ऱ्ह, ऱ्य अशी अक्षरे दोन तऱ्हांनी टाइप होतात आणि डोळ्याला सारखी दिसूनही शोधात जुळत नाहीत. ही बारीक कामे करायला कुणी उत्सुक नसते. पण निपाणीच्या माणसाला एकाच गावाची दोन नावे लहानपणापासून तोंडात असतात, त्यामुळे मला ती कधी क्षुल्लक वाटली नाहीत. शिलालेखांसाठी 'एपिग्राफिया कर्नाटिका'तला क्रमांकही नोंदीत घेतला. बी. एल. राइस यांच्या जुन्या आवृत्तीतला आणि नंतरच्या सुधारित आवृत्तीतला असे दोन्ही, कारण एकाच लेखाला दोन आवृत्त्यांत वेगळे क्रमांक आहेत आणि अभ्यासक कधी हा देतात, कधी तो.

मराठी संज्ञांसाठी विश्वकोशाचा 1973 चा परिभाषासंग्रह आधाराला घेतला, कन्नडसाठी म्हैसूर विद्यापीठाचा कन्नड विश्वकोश. इंग्रजीसाठी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची विषयशीर्षके आहेतच. पण ती सव्वाशे वर्षांपूर्वीपासून त्या ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांवरून वाढत गेली आहेत, आमच्या कपाटांवरून नव्हे. तिथे दक्षिण भारताचा इतिहास मोठ्या खणांत मावतो. आम्हाला एका गावातल्या देवळापर्यंत उतरायचे असते. म्हणून वरच्या पातळीला ती शीर्षके आणि खालच्या पातळीला आमची नामसूची अशी विभागणी ठरली.

देवळांच्या छायाचित्रांच्या आणखी एका गठ्ठ्याची ओळख पटवायला मी आणि कन्नड विभागातला एक सहकारी तलकाडला गेलो. टी. नरसीपूरचा संगम ओलांडला की रस्ता ऊस आणि भातातून जातो. कावेरी तिथे मोठे वळण घेते आणि त्या वळणाच्या काठावर वाळूच्या टेकड्या उभ्या आहेत. देवळे त्या वाळूच्या पातळीच्या खाली, पायऱ्या उतरून जायचे. पाताळेश्वर आणि मरळेश्वर तिथल्या अर्चकांनी फोटो पाहताक्षणी ओळखले. आमच्या नोंदीत दोन्हींना 'वाळूतील देऊळ' असे म्हटलेले होते. एका फोटोला मात्र त्यांनी मान हलवली. हे तलकाड नव्हे, हे मुडुकुतोरे. आणि ते बरोबर होते. पंचलिंगांपैकी वैद्यनाथेश्वर, पाताळेश्वर आणि मरळेश्वर तलकाडला आहेत, अर्केश्वर विजयापुराला आहे आणि मल्लिकार्जुन मुडुकुतोरेच्या टेकडीवर. 2013 आणि 2020 च्या पंचलिंगदर्शनाला लोटलेली माणसे या पाचही ठिकाणी जातात, आणि कुणी विचारले तर तलकाडला गेलो होतो असेच म्हणतात. मग त्या फोटोचे ठिकाण काय लिहायचे? आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. वस्तू जिथे आहे ते स्थळाच्या रकान्यात, म्हणजे मुडुकुतोरे. ती कशाचा भाग आहे ते विषयात, म्हणजे पंचलिंग क्षेत्र, तलकाड. धोरणातले हे कलम अर्चकांमुळे आले. त्यांना मी तसे सांगितले तेव्हा त्यांनी आणखी दोन फोटो मागून घेतले आणि गाभाऱ्याची दिशा कोणती हेही लिहून घ्यायला लावले.

देवळाबाहेर शहाळी विकणाऱ्या गृहस्थांनी आमचे बोलणे ऐकले होते. त्यांच्या मुलीला शाळेत गावाचा प्रकल्प करायचा होता. आमच्याकडे काय मिळेल, असे त्यांनी विचारले. तुम्ही काय शोधाल, असे मी उलट विचारले, तर ते क्षणात म्हणाले, अलमेलम्मा. 1610 मध्ये राजा वडेयरांनी श्रीरंगपट्टण घेतले, तेव्हा विजयनगरच्या तिथल्या अधिकाऱ्याची पत्नी अलमेलम्मा हिने मलंगीजवळ नदीत उडी घेतली आणि तलकाड वाळूत जाईल, मलंगीला भोवरा होईल, म्हैसूरच्या राजांना वंश उरणार नाही असा शाप दिला, अशी इथली आख्यायिका. आमच्या साऱ्या नोंदींत हे नाव एकदाही विषय म्हणून आलेले नव्हते. विद्वानांनी लिहिलेल्या प्रबंधांत ही कथा एखाद्या परिच्छेदात येऊन जाते. लोकांच्या मनात मात्र तलकाड म्हणजे पहिल्यांदा तीच.

इथे खोलीचा प्रश्न येतो. काँग्रेस ग्रंथालयाच्या नियमपुस्तकात एक ठोकताळा आहे: पुस्तकाचा निदान 20 टक्के भाग ज्या विषयावर आहे त्याला शीर्षक द्यावे. छापील पुस्तकांच्या तालिकेसाठी तो शहाणपणाचा आहे, कारण प्रत्येक उल्लेखाला शीर्षक दिले तर शोधणारा कचऱ्यात बुडतो. पण आमच्या भांडारात तो जसाच्या तसा लावला असता तर अलमेलम्मा कायमची बाहेर राहिली असती, आणि गंगराजही. शेवटी असे ठरले की प्रबंधाचे स्वतंत्र प्रकरण ज्या विषयावर आहे त्याला शीर्षक मिळेल, टक्के कितीही असोत. प्रकरणापेक्षा कमी पण जिथे लेखकाने नवे काही मांडले आहे, मूळ साधन छापले आहे किंवा आख्यायिकेचे स्थानिक रूप नोंदवले आहे, तिथेही मिळेल. नुसत्या उल्लेखाला नाही. 'नवे' कशाला म्हणायचे यावर अजून वाद होतात. ते होऊ द्यावेत असे मला वाटते. वाद झाला की कारण नोंदीच्या टिपेत लिहायचे, म्हणजे पुढच्या माणसाला तोच निर्णय पुन्हा घ्यावा लागत नाही.

वाळूवर तर मी स्वतंत्रपणे बोलू शकेन. तलकाडची वाळू कोणाची? भूगोलवाले म्हणतात नदीचे वळण आणि नैऋत्येचा वारा. इतिहासवाले वरच्या बाजूला माधवमंत्र्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बंधाऱ्याकडे बोट दाखवतात. बंधाऱ्यामुळे पात्र उघडे पडले आणि वाळू उडू लागली असे मानणारे पुष्कळ आहेत. लोकसाहित्यवाल्यांचा शाप. पुरातत्त्ववाल्यांना ती थरांच्या कालनिश्चितीसाठी हवी. एका विभागाच्या झाडाच्या फांदीवर हा लेख टांगला की बाकी तिघांना तो दिसत नाही. इथे मला रंगनाथनांची मदत झाली. त्यांनी 1933 मध्ये मांडलेली कोलन वर्गीकरणाची पद्धत आज फार थोड्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठीवर दिसते, पण विषयाचे घटक सुटे करण्याची त्यांची शिस्त डिजिटल नोंदीला तंतोतंत बसते. मुख्य वस्तू देवालयसमूह, पदार्थ वाळू, क्रिया वाहून येणे आणि साचणे, स्थळ तलकाड, काळ. प्रत्येक घटक आपल्या रकान्यात. मग भूगोलाचा विद्यार्थी वाळूच्या बाजूने येतो, लोकसाहित्याचा शापाच्या बाजूने, आणि दोघे एकाच लेखापाशी भेटतात. रंगनाथनांनी 1962 मध्ये बंगळुरात प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. तिथे शिकलेल्या माणसांनी ही शिस्त पुढे नेली. आम्ही इतक्या जवळ राहून मोकळ्या रकान्यात 'इतिहास' लिहीत बसावे, याची मला खंत वाटत होती.

धोरणातले एक कलम तलकाडच्या पलीकडचे आहे, पण ते लिहिताना मी सगळ्यात जास्त हट्ट धरला. जुन्या सरकारी अहवालांच्या शीर्षकांत जातीजमातींची जी नावे आहेत ती तशीच कीवर्डमध्ये उतरली होती. 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्या जमातींचा उल्लेख आमच्या पडद्यावर अजूनही त्याच शब्दांनी होत होता. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. शीर्षक बदलण्याचा अधिकार आम्हाला नाही, ते कागदपत्र आहे. पण विषयशीर्षक ही आमची आजची भाषा आहे, आणि तिथे विमुक्त जमाती हेच लिहिले पाहिजे. जुना शब्द शोधात टाकला तर नोंद सापडेल, पण तो पडद्यावर विषय म्हणून दिसणार नाही. अमेरिकेत स्थलांतरितांना बेकायदा म्हणणारे एक शीर्षक बदलावे म्हणून डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी 2014 मध्ये मागणी केली, आणि काँग्रेस ग्रंथालयाने ते प्रत्यक्ष बदलले 2021 मध्ये. आम्हाला एका बैठकीत ते करता आले, कारण आमची सूची आमच्या हातात होती. हाताशी असलेल्या लहान सूचीचे हे बळ मी प्रत्येक ग्रंथपाल मित्राला सांगते.

हे सगळे यंत्राकडून करून घ्यावे अशी सूचना दर बैठकीला येते. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विषय सुचवणारे ॲनिफ हे खुले साधन केले आहे आणि ते कामाचे आहे. पण अशा साधनाला आधी शब्दावली हवी आणि माणसांनी नीट विषय दिलेल्या पुष्कळ नोंदी शिकायला हव्यात. कन्नड आणि मराठी नोंदींत तोच साठा आमच्याकडे तयार व्हायचा आहे. आज जी नोंद मी नीट करते ती उद्याच्या यंत्राचीही पाटी होईल, म्हणून हाताचे काम टाळून पुढे जाता येत नाही. शिवाय आमच्या नोंदी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयासारख्या संग्राहकांकडे जातात. इथला अस्पष्ट शब्द तिथे लाखो नोंदींच्या ढिगात जातो आणि तिथून तो दुरुस्त करणे आमच्या हातात उरत नाही.

आता येत्या आढाव्यात माझी एकच मागणी आहे. नामसूचीत कन्नड, देवनागरी आणि रोमन रूपे भरली गेली, तमिळ रूपांचा रकाना रिकामा आहे. चोळांनी 1004 च्या सुमारास तलकाड घेतल्यापासून विष्णुवर्धनापर्यंतच्या काळातले इथले लेख तमिळ जाणणाऱ्याशिवाय नीट लावता येत नाहीत, आणि आमच्या विभागात तमिळ वाचणारे कुणी नाही. लिप्यंतराचे सॉफ्टवेअर वापरून रकाना भरून टाकावा असे एकदा सुचवले गेले. मी ते मान्य केले नाही. अंदाजाने भरलेले रूप एकदा सूचीत बसले की ते खरे मानले जाते. धोरणात आता असे आहे की रिकामे रकाने दर महिन्याच्या यादीत छापून संचालकांपुढे जातील, आणि तमिळ जाणणाऱ्या अभ्यासकाला अर्धवेळ मानधन मिळेपर्यंत ते तसेच रिकामे जातील. मानधनाचा प्रस्ताव वित्त समितीपुढे आहे. त्याला जोडायला मी त्या ठशांची छायाचित्रे आणि आज ती कोणत्या शब्दांनी सापडत नाहीत त्याची यादी तयार करून ठेवली आहे.